मालूचं पथ्य

सर्वपित्री अमावास्येला दुपारी तळेगावजवळच्या वराळ्याहून सुनंदाचा फोन आला. तिचा भाऊ आता नाही, म्हणून आईवडिलांचं पान तीच वाढते. म्हणाली, "ताई, कावळा लगेच आला बघा. पण ही मालू काचेतनं मान वर काढून बघतीय. आबा हिला भात द्यायचे का हो? देऊ का एक घास?"

"थोड्या वेळानं सांगते," म्हणून मी फोन ठेवला. मालू म्हणजे कासव. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, बाजारात मिळतं ते परदेशी कासव. त्याला भात द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न. पण याच प्रश्नावर लोणावळ्यात आमच्या भिंतीपलीकडे दोन म्हातारी माणसं कित्येक वर्षं एकमेकांशी झगडली, आणि त्या झगड्यात कुणाचं बरोबर होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुनंदाचे वडील म्हणजे आमचे शेजारी गराडेआबा. मूळ आंदर मावळातले. शाळेसाठी डोंगर उतरून चालत यायचे, पुढे रेल्वेत चिकटले आणि त्यांची बहुतेक नोकरी घाटात बँकर इंजिनावर गेली. कर्जतहून चढ चढताना गाडीला मागून जोर लावतात ती ही इंजिनं. आबा सांगायचे, "फुडं वडतो त्येचं नाव व्हतं. आमी मागनं ढकलनारे. लोनावळ्यात आमाला सोडत्यात आन् गाडी निघून जाती. कोन वळून बघत न्हाई." हे अभिमानानं सांगतात की तक्रारीनं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. निवृत्त झाल्यावरही लोकलनं जायचं तर ते शेवटच्या डब्यात बसत. पुढे बसलं की पाठीला रिकामं वाटतं म्हणत.

माणूस उंच, काटक, खिशात कायम बॅटरी. आयुष्य इंजिनाच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. गुपित सांगायला लागले तरी ते तीन घरांना कळे. त्यांची बायको हौसामावशी अगदी उलट. तिचं बोलणं ऐकायला ओणवं व्हावं लागायचं. ती एवढुसं काहीतरी म्हणायची आणि आबा ते सगळ्या आळीला सांगायचे. त्यामुळे मी भिंतीला कान न लावताही त्यांच्या संसाराची निम्मी बाजू मला नीट ऐकू यायची.

कासव आणलं नितीननं, त्यांच्या मुलानं. कॉलेजात होता तेव्हा बिस्किटाएवढं कासव डबीत घालून घेऊन आला. आबा भडकले. "हितं पावसाळ्यात मानसांना बुरशी धरती, आन् ह्यो कासव आनतोय." नितीन भलता गोड पोरगा. बापाला चिडवायचं म्हणून त्यानं कासवाचं नाव ठेवलं मालगाडी. आबांच्या गाड्या जन्मभर रखडल्या, ही एक अजून, म्हणायचा. हौसामावशीनं त्याचं मालू केलं.

पुढचं मी सविस्तर लिहिणार नाही. आषाढ होता, जुना महामार्ग होता, नितीनची मोटरसायकल होती. एवढं पुरे.

त्याचे दिवस झाले आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काचेच्या टाकीतलं पाणी हिरवं झालंय आणि मालू कोपऱ्यात डोळे मिटून बसलीय. आबांच्या धाकट्या भावानं सुचवलं, पवनानगरला धरणात सोडून देऊ, पुण्य लागेल. आबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि टाकी उचलून मोरीत नेली. "ती हितली न्हाई," ते म्हणाले. "धरनात हितल्या जीवांचं खाईल, न्हाईतर थंडीनं मरंल. त्यानं आनलीय. मरू द्यायची न्हाई." त्या दिवसापासून आबांना दुसरं काम उरलं नाही.

निवृत्तीचा वेळ होता आणि रडता येत नव्हतं, तेव्हा माणूस जे करतो ते त्यांनी केलं. टाकी मोठी करून आणली. नळाचं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवायचं, क्लोरिन उडून गेल्यावरच टाकीत घालायचं. इंद्रायणीतून एक चपटा दगड आणला, तो पाण्याबाहेर राहील असा बसवला, मालूला अंग वाळवायला. दगडावर दिवा टांगला आणि तो पाण्यात पडू नये म्हणून साखळीनं असा जखडला की त्याला लटकून माणसानं झोका घेतला असता. एकदा मालू टाकीतून चढून खाली पडली आणि कपाटामागे सापडली, तेव्हापासून जाळीचं झाकण आलं. टाकीत हात घातला की साबणानं हात धुवायचे. हे पाहुण्यांनाही लागू. जेवायला आलेला माणूस आधी "मालूला हात लावला का?" या चौकशीतून सुटे आणि मगच पाटावर बसे.

पण आबांची खरी गंमत संध्याकाळी असायची. इंजिनावर एक पद्धत आहे. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं म्हणायचा आणि सोबत्यानं तोच परत म्हणायचा, म्हणजे दोघांनी पाहिलाय हे पक्कं होतं. आबांनी ती पद्धत टाकीला लावली. दिवेलागणीला बॅटरी घेऊन उभे राहत.

"पानी?"

हौसामावशी स्वयंपाकघरातून हळूच म्हणायची, "पानी बरोबर."

"दिवा?"

"दिवा चालू."

"झाकन?"

"झाकन बंद."

मावशी तिथून टाकी बघतही नसे, पण उत्तर आल्याशिवाय आबा पुढे जात नसत. एकदा ती पोळी भाजताना बोलायची राहिली तर ते झाकणावर हात ठेवून तसेच उभे. शेवटी मीच आमच्या घरातून ओरडले, "मावशी, सिग्नल द्या, गाडी थांबलीय."

नितीन गेल्यावर मावशी हसल्याचं मी ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा.

नितीनचं वर्षश्राद्ध आलं ते अर्थातच आषाढात. लोणावळ्याचा आषाढ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. धुकं दारातून आत येतं, भिंती घामेजतात, कपडे आठवडाभर वाळत नाहीत, आणि कावळे कुठे जातात कोण जाणे, दिसत नाहीत. मावशीनं नितीनच्या आवडीचं सगळं केलं होतं. भात, वरण, उडदाचे वडे, खीर. घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि ती छत्री धरून उभी राहिली. मी तिच्यासोबत होते. पत्रावळीत पाणी साचलं, भात पोहायला लागला, खीर वाहून गेली. कावळा आला नाही. आबा खालून ओरडले, "ये आता, भिजशील." ती हलेना. बऱ्याच वेळानं तिनं पत्रावळ उचलली आणि खाली आली. मला वाटलं गाईला देईल. ती टाकीपाशी गेली, झाकण बाजूला केलं आणि भिजलेला घास पाण्यावर धरला.

मालू तळातून सरळ वर आली आणि तिनं तो घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला.

"खाल्लं," मावशी मला म्हणाली. "माझ्या बाळानं खाल्लं गं." तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. आबा दारात उभे होते. त्यांना टाकीचे सगळे नियम पाठ होते, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

मग ते चालूच राहिलं. अमावास्येला घास, पुढे दर जेवणाला घास. भात, गुळाची पोळी, कधी पेढा. मावशीच्या अंगावर मूठभर मांस आलं, ती चार घरी जाऊ लागली, आणि इकडे मालू बिघडत गेली. डोळे सुजले, पोहताना एका बाजूला कलायला लागली, आणि पाठीवर बोट दाबलं तर कवच आत जायला लागलं. आबा तिला टॉवेलमध्ये गुंडाळून पुण्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. भात, पोळी, गोड बंद. पालेभाजी, शेवाळ, गांडुळं, तिचा वेगळा दाणा, आणि कवचाला कॅल्शियम मिळावं म्हणून समुद्रफेस. आणि ऊन. खरं ऊन हवं, नाहीतर हाडं आणि कवच मऊ पडून ही जाईल.

त्या दिवशीचं बोलणं मी पलीकडून ऐकलं. म्हणजे आबांचं ऐकलं. मावशीचं मला तिनंच नंतर सांगितलं.

"हौसा, आजपास्नं तिला भात द्यायचा न्हाई."

"त्याला आवडतोय."

"डाक्टर न्हाई म्हनलेत."

"डाक्टरला काय ठावं, कुनाला काय आवडतं ते."

आबा म्हणाले, "आपला नितीन आजारी असता आन् त्याला पथ्य सांगितलं असतं, तर तू दिला असता का भात?"

मावशी म्हणाली, "असता, तर पाळलं असतं." आणि वाटी घेऊन आत गेली.

आबा जिंकले, पण असं जिंकण्यात काय असतं. टाकीवरच नितीनचा फोटो होता, त्याच्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या पाण्यात पडायच्या आणि मालू त्या खायची. आबांनी टाकी हलवली नाही, फोटो समोरच्या भिंतीवर नेला. मावशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बरं झालं. आता दोघं समोरासमोर हाईत." आबांनी हे मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज भिंतीपलीकडे गेला नसेल.

राहिला उन्हाचा प्रश्न. लोणावळ्यात जूनपासून चार महिने ऊन कुठून आणायचं? दिव्याचं काम होतं, पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज पाहुणी असते. आबांनी रेल्वेच्या माणसाचा तोडगा काढला. घाटमाथ्यावर आभाळ फाटलेलं असतं तेव्हाही कामशेत ओलांडलं की उजेड होतो आणि तळेगावला चक्क ऊन असतं. आबा आठवड्यातून दोन-तीनदा मालूला बादलीत घालून, वर ओला पंचा टाकून सकाळच्या लोकलनं तळेगावला नेऊ लागले. फलाटाच्या टोकाला छप्पर संपतं तिथल्या बाकावर ते बसत आणि मालू शेजारी पाय पसरून ऊन खात असे. सगळं पुणं हवापालटाला लोणावळ्याला येतं, आणि आमची मालू हवापालटाला तळेगावला जायची.

मी आकुर्डीला नोकरीला होते, त्यामुळे पुष्कळदा आम्ही एकाच डब्यात असू, अर्थात शेवटच्या. एकदा तिकीट तपासनीसानं बादलीकडे बोट दाखवलं. "काय आहे?"

"पेशंट हाय," आबा म्हणाले.

त्यानं पंचा उचलला, मालूनं मान बाहेर काढली, तो दचकून मागच्या बाईवर पडला. सावरून म्हणाला, "हे कशाला नेताय?"

"ऊन खायाला."

त्यानं आधी आबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो पुढच्या स्टेशनला उतरून दुसऱ्या डब्यात गेला आणि पुन्हा कधी आमच्या डब्यात आला नाही.

तळेगावला उतरल्यावर गाडी हलली की आबा हात खांद्याच्या वर उचलून सरळ धरत. सगळं ठीक, जा, असा तो मागच्या इंजिनवाल्याचा इशारा. मीही खिडकीतून हात करी. ते संध्याकाळपूर्वी घरी पोचत आणि मावशी दारातच विचारी, "मिळालं का ऊन?" मालूचं कवच हळूहळू टणक झालं. डोळे उघडले. ती सरळ पोहू लागली. दोघं म्हातारी जिवापाड राबली त्या कासवासाठी, आणि ते जगलं.

फक्त अमावास्या राहिली. प्रत्येक अमावास्येला मावशी घास काढायची, टाकीपाशी थांबायची आणि विचारायची. मला आता आबांच्या बोलण्यावरून तिचं बोलणं ओळखता यायला लागलं होतं. ती म्हणायची, "आज एकच देऊ का? एका घासानं काय व्हतंय?"

"न्हाई, हौसा."

मग ती घास घेऊन गच्चीवर जायची. उन्हाळ्यात कावळा यायचा, पावसाळ्यात यायचा नाही. तिनं कधी चोरून दिला नाही. मी एकदा म्हटलंही, मावशी, आबा तळेगावला गेले की... तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. "पथ्य म्हंजी पथ्य, ताई. पोराचं हाय." पण पुढच्या अमावास्येला पुन्हा विचारलंच. आबा नाही म्हणाले. वर्षानुवर्षं ती विचारत राहिली आणि ते नाही म्हणत राहिले.

अशाच एका श्रावणात मावशी गेली. ताप, मग छातीत कफ, मग दवाखाना, आणि मग नाहीच. इंद्रायणीकाठी दहाव्याला आम्ही सगळे भिजत उभे होतो. पिंड ठेवला आणि वाट बघू लागलो. लोक एकेक कबूल करू लागले, तशी रीतच आहे. दीर म्हणाले, वहिनी, दादाला एकटं पडू देनार न्हाई. सुनंदा म्हणाली, आये, आबांना मी वराळ्याला नेते. कावळा नाही. कुणीतरी आबांना कोपरानं ढोसलं, "तुमी बोला. तिचं काय राहिलंय ते तुमालाच ठावं." आबा पिंडाकडे बघत राहिले. ज्या माणसाला हळू बोलता येत नव्हतं त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही परत आलो.

तेरावं झालं. पाहुणे पांगले, सुनंदाही पोरांच्या शाळेसाठी वराळ्याला गेली. त्या संध्याकाळी मी चहा घेऊन पलीकडे निघाले तर दाराशीच आवाज ऐकू आला.

"पानी?"

मग काहीच नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"पानी?" आबांनी पुन्हा म्हटलं. ते टाकीपुढे माझ्याकडे पाठ करून उभे होते. उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी सवय. मी दारातूनच म्हटलं, "पाणी बरोबर."

त्यांनी वळून पाहिलं नाही. "दिवा?"

"दिवा चालू."

"झाकन?"

"झाकण बंद."

"झाकन उघडं हाय, ताई," ते म्हणाले.

मी पुढे गेले. त्यांच्या हातात वाटी होती. वाटीत भात आणि वर थोडं वरण. म्हणाले, "लोकं म्हनली, तिचं काय राहिलंय ते बोला. कसं बोलू? ह्येच राहिलंय." त्यांनी बोटांनी एक घास केला आणि पाण्यावर धरला. मला वाटलं, इतक्या वर्षांत मालू भात विसरली असेल, तोंड लावणार नाही.

ती सरळ वर आली. त्यांच्या बोटांतून तिनं घास घेतला आणि आणखी हवा म्हणून मान लांब करून थांबली.

आबा तिथेच खाली बसले. "हिला समदं ध्यानात हाय," ते म्हणाले. "आन् मी तिला दर अमुशेला न्हाई म्हनलो. एक घास मागत हुती, ताई. दुसरं काय मागितलंच न्हाई तिनं." एवढा मोठा माणूस, एवढा मोठा आवाज, आणि असा रडला की मला ओणवं होऊन ऐकावं लागलं. तुम्ही दिला असता तर मालू मेली असती, हे खरं होतं. मावशीला 'बाळानं खाल्लं' म्हणायचा दिवस पुन्हा कधी मिळाला नाही, हेही खरं होतं. चहा गार झाला तसा मी परत आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या डब्यात आबा बादली घेऊन हजर. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "काल भात खाल्लाय. आज ऊन लय लागंल." त्यांनी मावशीचं एक जुनं मऊ लुगडं घडी करून आणलं होतं, बाकाचा लोखंडी गारवा मालूला लागू नये म्हणून. कामशेतपर्यंत पाऊस होता. तळेगावला ऊन पडलेलं होतं. ते उतरले, फलाटाच्या टोकाकडे चालत गेले. तिथून सुनंदा त्यांना चार दिवसांसाठी म्हणून वराळ्याला घेऊन गेली आणि ते परत आलेच नाहीत. मागून टाकी टेंपोनं गेली. पुढच्या उन्हाळ्यात आबाही गेले.

पण त्या सकाळी हे मला माहीत नव्हतं. गाडी हलली, मी नेहमीसारखा खिडकीतून हात बाहेर काढला. आबांनी बाकावर लुगडं पसरलं होतं, मालूला त्यावर ठेवलं होतं, आणि ते वाकून तिच्याशी काहीतरी बोलत होते. त्यांनी हात वर केला नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी वर पाहिलंच नाही.

आज हे सगळं आठवून झालं आणि मी सुनंदाला परत फोन लावला. "एक घास दे," म्हटलं. "एकच. आणि उद्या सकाळी तिला उन्हात ठेव."

"व्हय ताई," ती म्हणाली. "एका घासानं काय होतंय."